संगणकाच्या दारावरील नांवनिशी

दूरच्या गांवाहून आलेला यात्रेकरू नाशकास रामकुंडावर पोहोंचला म्हणजे त्यास पहिल्यानें दोन प्रश्न विचारले जातात: आडनांव कोणतें, आणि मूळ गांव कोणतें? ह्या दोन उत्तरांवरून त्याच्या घराण्याचे क्षेत्रोपाध्ये कोण हें ठरतें. मग जुनी नामावळी निघते, पानें उलटलीं जातात, आणि त्या पाहुण्याचा आजा किंवा पणजा येथें केव्हां आला होता, त्याचे भाऊ कोण, मुलगे कोण, हें लिहिलेलें त्यास दाखविण्यांत येतें. त्या मनुष्यास पूर्वीं कोणीं पाहिलेलें नसतें. वही त्यास ओळखते. हजारों घराण्यांच्या नोंदींतून नेमकें एक पान थोडक्या वेळांत सांपडतें, ह्याचें कारण नोंदी गांव व आडनांव ह्या क्रमानें लावून ठेवलेल्या असतात.

प्रस्तुत लेखाचा विषय नामावळी हा नाहीं, संगणकाचा आहे. परंतु संगणकशास्त्रांत ज्या वस्तूस 'डिरेक्टरी' म्हणतात ती ह्याच जातीची एक वही आहे. तिच्या साहाय्यानें वेब सर्व्हर आपलें दार कोणास उघडावें व कोणास उघडूं नये हें कसें ठरवितो, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें असा हेतु आहे. पालकांस अशासाठीं कीं, मुलांचे गुण, जन्मतारखा, पत्ते व दूरध्वनीचे क्रमांक हे आतां लोखंडी कपाटांत न राहतां संगणकांत राहूं लागले आहेत. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें 'सरल' ही शाळांच्या नोंदींची संगणकीय व्यवस्था सुरू केली, तेव्हांपासून अगदीं लहान खेड्यांतल्या मुख्याध्यापकांसही पासवर्ड म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हें पूर्वीं पालकांस डोळ्यांनीं दिसत असे. ह्या नव्या कपाटाची किल्ली दिसत नाहीं.

वेब सर्व्हर म्हणजे मागेल त्यास पान काढून देणारा एक कारकून समजावा. हा कारकून मनुष्य नसून संगणकावर अहोरात्र चालणारा एक प्रोग्रॅम असतो. १९९५ सालीं निघालेला 'अपाचे' हा अशा प्रोग्रॅमांपैकीं फार प्रसिद्ध असून तो आजही जगांत सर्वत्र चालतो, आणि विशेष हें कीं त्यास किंमत पडत नाहीं. मूळ स्वभावानें हा कारकून भोळा आहे. मागितलें तें द्यावें, एवढेंच तो जाणतो. वर्तमानपत्राचें पान असेल तर हा भोळेपणा गुणच होय. परंतु सहामाहीचीं गुणपत्रकें किंवा उद्यांची प्रश्नपत्रिका असेल, तर दारावर कोणी तरी उभें केलें पाहिजे.

त्याची सर्वांत सोपी तऱ्हा म्हणजे सर्वांस मिळून एकच पासवर्ड. ही तऱ्हा किती दिवस टिकते हें आमच्या विद्यार्थ्यांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. वायफायचा पासवर्ड सकाळीं एका मुलास कळला कीं मधल्या सुट्टींत तो वर्गास कळतो, आणि संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेरच्या वडापाववाल्यासही. शिवाय, पान कोणीं उघडलें होतें, अशी मागाहून चौकशी केल्यास उत्तर एकच मिळणार: ज्यास पासवर्ड ठाऊक होता त्यानें.

ह्याहून बरी तऱ्हा म्हणजे प्रत्येकाचें नांव व प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड लिहिलेली यादी सर्व्हरजवळ ठेवणें. अपाचेंत ही सोय आहे. यादी एका साध्या फाइलींत असते, पासवर्ड मात्र जसाचा तसा न लिहितां त्याचें गूढ रूप करून लिहितात. एका सर्व्हरपुरतें हें ठीक. परंतु एखाद्या शाळेंत गुणपत्रकांचा एक, ग्रंथालयाचा दुसरा व प्रश्नपत्रिकांचा तिसरा असे तीन सर्व्हर असले म्हणजे याद्याही तीन होतात. मग जूनमध्यें एक शिक्षक बदलून जातात. निरोपाचा समारंभ होतो, शाल व नारळ दिला जातो, आणि कोणी तरी आठवणीनें दोन याद्यांतून त्यांचें नांव काढतो. तिसरी यादी राहते. आणि ती नेमकी प्रश्नपत्रिकांची असते. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु नसतो. तेंच काम तीन ठिकाणीं करावयाचें असलें म्हणजे मनुष्य एक ठिकाण विसरतो, इतकेंच.

ह्यावर तोड अशी निघाली कीं, माणसांची नोंद एकाच वहींत ठेवावी आणि सर्व सर्व्हरांनीं तिलाच विचारावें. अशा वह्या कशा रचाव्या ह्याचे नियम तार व दूरध्वनि यांच्या आंतरराष्ट्रीय समितीनें १९८८ सालीं 'एक्स ५००' ह्या नांवानें प्रसिद्ध केले होते. ते मोठे व्यवस्थित होते, परंतु इतके अवजड कीं त्या वेळच्या साध्या संगणकांस तें ओझें झेपेना. तेव्हां अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांतील टिम हाउझ यांनीं इतर दोघां-तिघांच्या सहकार्यानें, वही तीच ठेवून तिला प्रश्न विचारण्याची एक हलकी रीत बसविली. १९९३ सालीं ती प्रसिद्ध झाली. तिच्या इंग्रजी नांवाचा पहिला शब्दच 'हलकी' असा असून त्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला 'एलडॅप' म्हणतात. पुढें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००० सालीं 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' बाजारांत आणली; कचेऱ्यांतून व बँकांतून ही पुष्कळ आढळते. पवईच्या आय.आय.टी.मध्यें तर हा शब्द इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तेथील विद्यार्थी आपल्या संगणकीय ओळखीसच 'एलडॅप' म्हणतात.

ह्या वहींतील नोंदी झाडाच्या फांद्यांप्रमाणें रचलेल्या असतात. प्रत्येक नोंदीचें पूर्ण नांव पाकिटावरील पत्त्यासारखें धाकट्याकडून थोरल्याकडे जातें: आधीं व्यक्ति, मग विभाग, मग संस्था. 'अमुक, घर नंबर तमुक, पंचवटी, नाशिक' असें आपण लिहितों, तसेंच तें. एका शाळेंत दोन पाटील सर असूं शकतात. परंतु दोघांचें पूर्ण नांव एक असूं शकत नाहीं.

आतां गट म्हणजे काय तें पाहूं. आमच्या शाळांतून जनरल रजिस्टर असतें आणि वर्गावर्गाचा कॅटलॉगही असतो. जनरल रजिस्टरांत मुलाचें नांव एकदांच चढतें, आणि तो क्रमांक त्या शाळेपुरता कायमचा त्याचाच. कॅटलॉग मात्र दरवर्षीं नवा: यंदा तो नववी 'अ' च्या कॅटलॉगांत, पुढील वर्षीं दहावी 'ब' च्या. डिरेक्टरींतही असेंच आहे. व्यक्तीची नोंद एक. गटाची नोंद निराळी. गटाच्या नोंदींत 'सभासद' ह्या सदराखालीं त्या त्या व्यक्तींचीं पूर्ण नांवें लिहिलेलीं असतात. एकच शिक्षिका 'शिक्षक' ह्या गटांत, 'दहावीचे परीक्षक' ह्या गटांत आणि 'ग्रंथालय समिति' ह्या गटांत अशी तीन ठिकाणीं असूं शकते. तिची स्वतःची नोंद मात्र एकच, आणि पासवर्डही एकच.

दारावर प्रत्यक्ष काय घडतें तें थोडें सावकाश पाहण्यासारखें आहे. ह्या शिक्षिकेनें आपल्या ब्राउझरांत गुणपत्रकांचें पान मागितलें. त्या पानावर 'परीक्षक गटासच प्रवेश' असा नियम लिहिलेला सर्व्हरास आढळतो. म्हणून पान न देतां तो ४०१ हा आंकडा परत पाठवितो. त्याचा अर्थ, आपण कोण हें आधीं सिद्ध करा. ब्राउझर नांव व पासवर्ड विचारून घेतो व सर्व्हरकडे नेतो. सर्व्हरजवळ स्वतःची यादी नाहीं. तो डिरेक्टरीकडे जाऊन, ह्या आंखूड नांवाची नोंद कोठें आहे, असें विचारतो आणि तिचें पूर्ण नांव मिळवितो. मग त्या पूर्ण नांवानें, व बाईंनीं दिलेल्या पासवर्डानें, डिरेक्टरींत स्वतःच शिरून पाहतो. शिरतां आलें तर पासवर्ड खरा. म्हणजे ही व्यक्ति स्वतःस जी म्हणविते तीच ती आहे, एवढें सिद्ध झालें.

पुष्कळांस वाटतें कीं येथें काम संपलें. तें अर्धेंच झालें असतें. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना १९२८ सालापासून चालू आहे. त्याच्या फाटकावरील पहारेकरी आपल्या शेजारींच राहत असला, आपणांस बाळपणापासून ओळखत असला, तरी त्या ओळखीवर तो आपणांस आंत सोडणार नाहीं. ओळख आणि अधिकार ह्या दोन भिन्न वस्तु होत. म्हणून सर्व्हर डिरेक्टरीस दुसरा प्रश्न विचारतो: 'परीक्षक' गटाच्या सभासदांत हें पूर्ण नांव आहे काय? ह्याचें उत्तर होय किंवा नाहीं एवढेंच असतें. होय असल्यास पान मिळतें. नाहीं असल्यास ४०३ हा आंकडा यावा, अशी रीत आहे. त्याचा अर्थ, आपणांस ओळखलें, परंतु येथें आपला प्रवेश नाहीं. अपाचे मात्र, कोणीं निराळें सांगितलें नसल्यास, ह्या वेळींही ४०१ च पाठवितो. त्यामुळें ब्राउझर पुन्हा पासवर्ड विचारतो. वापरणारा बिचारा तोच पासवर्ड एक एक अक्षर जपून लिहितो. पुन्हा तोच प्रश्न येतो. आणि शेवटीं तो पासवर्ड बदलून मागावयास जातो. वास्तविक दोष पासवर्डांत नसून गटाच्या यादींत असतो. संगणकाच्या कामांत पडलेल्या कित्येकांचे दिवस ह्या एका आंकड्यापायीं फुकट गेले असतील.

जीं मुलें पुढें स्वतः प्रोग्रॅम लिहितील त्यांच्यासाठीं ह्या देवघेवींतील दोन भोंकें दाखवून ठेवतों. एलडॅपच्या नियमांत अशी एक विलक्षण तरतूद आहे कीं, पूर्ण नांव दिलें आणि पासवर्डाची जागा कोरी ठेवली, तर ती विनंति अनोळखी पाहुण्याची समजतात. अशा वेळीं कांहीं डिरेक्टऱ्या 'ठीक' असें उत्तर देतात. त्या 'ठीक' चा अर्थ 'पासवर्ड बरोबर आहे' असा नव्हे. 'कोणी तरी आलें आहे, ओटीवर बसूं द्या' असा आहे. भोळा प्रोग्रॅम मात्र 'ठीक' एवढाच शब्द ऐकतो आणि तिजोरीचें दार उघडतो! म्हणजे मुख्याध्यापकांचें नांव लिहून, पासवर्ड न लिहितां, कोणीही मुख्याध्यापक व्हावें. २००६ सालच्या सुधारित नियमांत अशी कोरी विनंति डिरेक्टरीनें सामान्यतः नाकारावी असें सांगितलें आहे, आणि अपाचे कोरा पासवर्ड मुळीं पुढें नेतच नाहीं. परंतु नवशिक्याच्या प्रोग्रॅमांत ही खबरदारी त्यानें स्वतःच घ्यावी लागते. दुसरें भोंक तारेंतलें आहे. एलडॅपचें साधें बोलणें ३८९ क्रमांकाच्या मार्गानें होतें, आणि तें पोस्टकार्डासारखें उघडें असतें. वाटेंत कोणासही वाचतां येतें. तें लखोट्यांत घालून पाठविण्यासाठीं ६३६ हा निराळा मार्ग आहे, किंवा ३८९ वरच आधीं गूढलेखन सुरू करून मग पासवर्ड बोलावा, अशी सोय आहे. पासवर्ड पोस्टकार्डावर लिहूं नये हें कोणासही पटेल. परंतु शाळेच्या चार भिंतींआंत चालतें, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं असते, आणि ती चांगली नाहीं.

गटाची युक्ति इतकी उपयोगी कां, हें बदलून गेलेल्या शिक्षकांच्या उदाहरणावरून ध्यानांत येईल. गुणपत्रकें, ग्रंथालय व प्रश्नपत्रिका ह्या तिन्ही सर्व्हरांवर आतां कोणाचेंच नांव लिहिलेलें नाहीं; 'परीक्षक', 'ग्रंथालय समिति' अशीं गटांचीं नांवें आहेत. शिक्षक गेले, त्यांची नोंद डिरेक्टरींत एका ठिकाणीं बंद केली, कीं तिन्ही दारें बंद झालीं. नव्या बाई आल्या, त्यांचें नांव गटांत घातलें, कीं तिन्ही उघडलीं. १९९२ सालीं डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कून ह्या दोन अमेरिकन संशोधकांनीं, अधिकार व्यक्तीस न देतां तिच्या कामास द्यावा, हें तत्त्व शास्त्रीय रीतीनें मांडलें. व्यवहारांत तें जुनेंच आहे. कलेक्टर बदलतात, कचेरीची मोहोर बदलत नाहीं.

परंतु ह्या युक्तीची एक दुसरी बाजू आहे, आणि आमच्या मतें सर्व विषयाचें मर्म तेथेंच आहे. अधिकार गटास दिल्याबरोबर सारा भार सभासदांच्या यादीवर पडतो. कुलूप कितीही मजबूत असो. ज्याच्या हातांत यादी लिहिण्याची लेखणी, त्याच्या हातांत किल्ली. सर्व्हर डिरेक्टरीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. तिनें होय म्हटलें कीं होय. म्हणून 'परीक्षक' ह्या गटांत नांव कोण घालूं शकतो, हा प्रश्न 'परीक्षक कोण' ह्या प्रश्नाइतकाच गंभीर आहे. बहुतेक संस्थांत हें काम संगणकाच्या जाणकारावर सोंपवून सर्वजण मोकळे होतात. हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. नेमणुकीच्या किंवा बदलीच्या हुकुमावर ज्यांची सही, त्यांच्याच सांगण्यावरून त्याच दिवशीं यादी बदलावी. जाणकारानें लेखणी चालवावी, पण कोणाचें नांव लिहावयाचें हें त्यानें ठरवूं नये.

ह्या बाबतींत जनरल रजिस्टराची जुनी शिस्त फार चांगली आहे. मूल शाळा सोडून गेलें तर त्याचें नांव खोडून किंवा खरवडून काढीत नाहींत. शाळा सोडल्याची तारीख व कारण लिहून दाखला देतात. पन्नास वर्षांनीं तो मनुष्य जन्मतारखेच्या पुराव्यासाठीं आला तरी नोंद सांपडते. डिरेक्टरींतही जाणते लोक गेलेल्या माणसाची नोंद तत्काळ पुसून टाकीत नाहींत. ती बंद करून ठेवतात व गटांतून नांव काढतात, म्हणजे मार्चमध्यें गुण कोणीं बदलले असा प्रश्न जूनमध्यें निघाला तर उत्तर देतां येतें. मात्र कॅटलॉगांत जसें गेलेल्या मुलाचें नांव पुकारीत राहिल्यास वर्ग हंसतो, तसें डिरेक्टरींत कोणी हंसत नाहीं. तेथें गेलेला मनुष्य वर्षानुवर्षें हजरच राहतो. म्हणून निदान वर्षांतून दोनदां, जूनमध्यें व दिवाळीनंतर, प्रत्येक गटाची यादी छापून काढून मुख्याध्यापकांनीं तांबडी शाई घेऊन बसावें.

नांव काढल्याबरोबर दार बंद होतें असेंही समजूं नये. दर वेळीं डिरेक्टरीस विचारण्याचा त्रास नको म्हणून अपाचे मिळालेलें उत्तर कांहीं काळ स्वतःजवळ जपून ठेवतो. त्याची मूळ मुदत ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटें आहे. विंडोजच्या पद्धतींत तर मनुष्य सकाळीं संगणकावर आला कीं त्याच्या गटांची नोंद असलेलें एक तिकीट त्यास मिळतें, आणि तें साधारणतः दहा तास चालतें. दुपारीं गटांत नवें नांव घातलें तरी, बाहेर पडून पुन्हा आंत येईपर्यंत, दार उघडत नाहीं; आणि उलटही तेंच. कोणास तडकाफडकीं दूर करावयाचें असेल तर यादींतून नांव काढून पुरत नाहीं, हें त्या कामाच्या लोकांस ठाऊक असावें लागतें.

गटांत गटही घालतां येतो. 'शिक्षक' ह्या गटांत 'विज्ञान शिक्षक' हा गट, आणि त्यांत 'प्रयोगशाळा' हा गट. हें सोयीचें आहे व तितकेंच फसवें. प्रयोगशाळेंतील मदतनिसास 'प्रयोगशाळा' गटांत घातला, तो तेवढ्यानेंच शिक्षक झाला, आणि शिक्षकांसाठीं उघडलेलें प्रत्येक दार त्यास उघडलें. कोणीं ठरविलें नव्हतें, झालें. तसेंच आयता गट वापरण्याचा मोह. ॲक्टिव्ह डिरेक्टरींत 'डोमेन यूजर्स' नांवाचा एक गट असतो, आणि नवें खातें उघडलें कीं तें आपोआप त्यांत पडतें. घाईच्या वेळीं एखादें पान ह्या गटास उघडून दिलें म्हणजे तें सर्वांसच उघडलें. आणि कागदोपत्रीं 'गटानुसार प्रवेश' आहे असें समाधान मात्र मिळतें.

गट कोणता निवडावा ह्या प्रश्नाचें वजन नाशिककरांस संगणकाकडून शिकावयास नको. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं येथील काळाराम मंदिरांत प्रवेश मिळविण्यासाठीं सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव गायकवाड, ज्यांस लोक दादासाहेब म्हणतात, त्यांनीं तो नेटानें चालविला; आणि सुमारें पांच वर्षें तो चालूनही मंदिराचीं दारें सत्याग्रह्यांस उघडलीं नाहींत. त्या दारावर, मनुष्य कोण आहे, हें ओळखण्यांत कांहींच अडचण नव्हती. तीं सर्व येथलींच माणसें होतीं. प्रश्न गटाचा होता. आणि तो गट असा कीं, त्याच्या यादींत नवें नांव चढविण्याची सोय नव्हती, आणि चढलेलें काढण्याचीही नव्हती. यादी जन्मानेंच लिहून ठेवलेली. दर्शनास आलेल्या मनुष्याच्या मनांत काय आहे ह्याच्याशीं तिचा संबंध नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं ह्याच जिल्ह्यांत, येवल्यास, बाबासाहेबांनीं धर्मांतराची घोषणा केली, ती ह्या बंद दारांच्या अनुभवानंतर. दार उघडण्यास शेवटीं कायदा लागला: मुंबई प्रांतानें १९४७ सालीं मंदिरप्रवेशाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केल्याचें जाहीर केलें.

'अमुक गटास प्रवेश' ही ओळ न्यायाची कीं अन्यायाची, हें सर्व्हर विचारीत नाहीं. गट कामावरून केला आहे, कीं जन्मावरून, कीं पैशावरून, तें त्यास सारखेंच. एखाद्या शाळेनें 'फी भरलेले' असा गट करून गुणपत्रकांचें पान तेवढ्यांसच उघडावें असें ठरविल्यास तें एका ओळीचें काम आहे. पूर्वीं हेंच करण्यासाठीं मुख्याध्यापकांस मुलाच्या तोंडाकडे पाहून 'नाहीं' म्हणावें लागे, आणि तें तोंड पाहून पुष्कळदां त्यांचें मन बदले. आतां 'नाहीं' हें सर्व्हर म्हणतो, रात्रीं अकरा वाजतांही, आणि त्याच्यासमोर मुलाचें तोंड नसतें. ज्या मुलास ४०३ हा आंकडा दिसला त्यानें दाद कोणाकडे मागावयाची, त्या माणसाचें नांव व खोलीचा नंबर त्याच पानावर लिहिलेला असावा, असें आम्हांस वाटतें. तें लिहिण्यासही एकच ओळ पुरते.

आतां पालकांविषयीं. 'पालक' असा एक गट करून गुणपत्रकें त्यास उघडलीं, तर काय होईल? प्रत्येक पालकास प्रत्येक मुलाचे गुण दिसतील. शेजारच्या घरीं गणितांत किती पडले, हें पाहण्याची हौस कित्येकांस असेलही. परंतु तो अधिकार त्यांचा नव्हे. येथें गटाची मर्यादा लागते. गट एवढेंच सांगतो कीं हा मनुष्य पालक आहे. कोणाचा पालक, हें गट सांगत नाहीं. खोलीचें दार गटावर उघडावें, परंतु आंतला कोणता खण उघडावयाचा हें ठरविण्यासाठीं निराळी नोंद लागते: मुलाच्या नोंदीसमोर त्याच्या आईचें व वडिलांचें पूर्ण नांव. 'जेथें पालक म्हणून माझें नांव आहे तेवढीच नोंद दाखीव' असा प्रश्न मग गुणपत्रकांच्या प्रोग्रॅमानें विचारावयाचा असतो. म्हणून शाळेनें मागितलेली माहिती पालकांनीं बिनचूक भरून द्यावी. दूरध्वनीचा क्रमांक बदलला असतां तो न कळविणें ही आजवर केवळ गैरसोय होती. त्या जुन्या क्रमांकावर प्रवेशाचा संदेश जात असेल, आणि कालांतरानें तो क्रमांक दुसऱ्या कोणास मिळाला असेल, तर मुलाचा खण त्या परक्या मनुष्यास उघडतो.

२०२३ सालीं संसदेनें व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या रक्षणासाठीं कायदा केला. त्यांत १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानलें असून, कांहीं अपवाद सोडून, बालकाची माहिती वापरण्यापूर्वीं आईबापांची पडताळून पाहतां येईल अशी संमति घ्यावी, असें म्हटलें आहे. बारावींत शिकणाऱ्या मुलीस ज्या दिवशीं अठरा वर्षें पुरीं होतात, त्या दिवसापासून संमति देणारी ती स्वतः. तिची जन्मतारीख जनरल रजिस्टरांत आहेच. परंतु तिच्या नोंदीसमोरचें पालकांचें नांव त्या तारखेस आपोआप निघून जात नाहीं. तें तसेंच राहूं द्यावयाचें तर तिला विचारून ठेवावें लागेल, आणि हें विचारण्याचें काम डिरेक्टरी करीत नाहीं. तें वर्गशिक्षकांकडे आहे.